उभं पाणी

आमचं काचांचं दुकान आहे. खिडक्यांची तावदानं, टेबलांवरच्या काचा, आरसे, दुकानांच्या दर्शनी भागाला लागतात त्या उंच काचा. कापायचं काम ह्यांचं, कडा घासायचं माझं, आणि उचलायचं दोघांचं.

मोठी काच आडवी धरत नाहीत. आडवी धरली की आपल्याच वजनानं वाकते आणि मधोमध तडकते. ती उभी न्यायची, उजव्या अंगाला घेऊन. उजवा हात खालच्या कडेखाली, तळवा वर. डावा हात छातीवरून आडवा, कडेला सावरून. पुढे एक, मागे एक. पुढे कायम हे, मागे कायम मी. लग्न झालं तेव्हापासून मी जग पाहिलं ते बरंचसं ह्यांच्या मानेवरून.

बोलायचे शब्द ठरलेले. पुढच्यानं "उचल" म्हटलं की उचलायची, पुढच्यानं "टेकव" म्हटलं की टेकवायची. मागच्यानं आपल्या मनानं काही करायचं नाही. मागचा दमला, तर तिसऱ्यानं बाजूनं येऊन त्याच्या हाताला हात लावायचा आणि म्हणायचं, "माझ्याकडे." दमलेल्यानं "दिली" म्हणायचं आणि मगच आपला हात काढायचा, तोही एकदम नाही, एकेक बोट. पाय जुळावेत म्हणून ह्यांनी दोन ओळीही जुळवल्या होत्या. लांबची वाट असली की गुणगुणायचे:

पुढच्याचे डोळे, मागच्याचे हात,
मधे उभं पाणी, सांडू नये वाटेत.

ह्यांच्या छातीत दुखायला लागलं, ते एका औषधाच्या दुकानात काच बसवताना. आधी "टेकव" म्हणाले, काच खाचेत नीट बसली का ते बोटानं चाचपलं आणि मग खाली बसले. हॉस्पिटलमध्ये कळलं की हृदयाच्या नळ्या बंद झाल्यात. छाती उघडून ऑपरेशन करावं लागेल.

ऑपरेशन चांगलं झालं. डॉक्टर बाहेर आले तेव्हा त्यांच्या कपाळावर टोपीचा वळ उमटला होता. मला वाटलं, ह्या माणसाचीही पाठ आज दुखणार. नणंदेनं माझा हात इतका दाबला की बांगडी रुतली. ती शाळेत गणित शिकवते; रडायचं झालं तरी आवाज मागच्या बाकापर्यंत पोचतो.

दुसऱ्या दिवशी सकाळी ह्यांच्या घशातली नळी काढली. मला आत सोडलं. ओठ कोरडे पडले होते, पापण्या जड होत्या. सिस्टरनं ओल्या कापसानं ओठ टिपले आणि म्हणाली, "काका, कोण आलंय बघा."

ह्यांनी माझ्याकडे बघितलं नाही. समोरच्या भिंतीकडे बघत घोगऱ्या आवाजात म्हणाले, "अजून टेकवू नकोस."

"नाही टेकवत," मी म्हटलं. तोंडातून आपसूक गेलं.

"तुला नाही सांगत," हे म्हणाले.

डॉक्टरांनी समजावलं की भुलीचा अंमल असा रेंगाळतो. कुणी नातवंडांना हाका मारतं, कुणी बस पकडायला निघतं. "तुमचे मिस्टर कामावर गेलेत, एवढंच." नणंद हसली. मीही हसले. मग सिस्टरनं पांघरूण सारखं केलं आणि मला ह्यांचे हात दिसले. उजवा कुशीला, तळवा वर, बोटं किंचित वळलेली. डावा छातीवरून आडवा.

वॉर्डमध्ये आणल्यावर ह्यांना एक निळी उशी मिळाली. खोकला आला की ती छातीशी कवटाळायची, म्हणजे तारांनी बांधलेलं छातीचं हाड हलत नाही. "दादा," नणंद म्हणाली, "नवी नवरी असताना वहिनीला तरी एवढं जवळ घेतलं होतंस का?" पलीकडच्या पलंगावरचे आजोबा तोंडावर हात ठेवून हसले. नवरा-बायकोंवरचे त्यांचे किस्से सगळा वॉर्ड ऐकत असे. आयुष्यभर पोस्टात काम केलेलं, म्हणून सगळे त्यांना पोस्टमास्तर म्हणत.

ऊन खिडकीतून उतरून फरशीवर चालायचं. आधी पोस्टमास्तरांच्या पलंगापाशी, मग आमच्या, मग दारापाशी जाऊन निघून जायचं. औषधाचा, फिनेलचा, उकळलेल्या चहाचा वास. सगळं जसं असायला हवं तसं होतं. ह्यांची जखम कोरडी होत होती. भूक लागत होती.

मग चालवायला सुरुवात झाली.

व्यायाम करून घेणाऱ्या बाई उंच, हसऱ्या होत्या. ह्यांना हळूच उभं केलं. ह्यांनी उशी पलंगावर ठेवली, उजवा हात कुशीला खाली नेला आणि डावा छातीवर घेतला.

"छान, छातीला आधार देऊन चालताय," बाई म्हणाल्या. "असंच."

हे चालायला लागले. आजारी माणूस पाय ओढत चालतो. हे तसे चालत नव्हते. पाऊल सपाट टाकत होते, गुडघ्यात जराशी लवण ठेवून. वजन असताना टाकतात तसं. दारापाशी आले तेव्हा सरळ बाहेर पडले नाहीत. आधी डावीकडे सरकले, लांबचं वळण घेतलं, थांबले, आणि मागचं निघेपर्यंत तिरके उभे राहिले.

किती लांबीची काच असली की किती वळण लागतं ते मला ठाऊक आहे. एवढी मोठी काच आम्ही कधी उचललेली नव्हती.

मागे वळून पाहिलं, तर पोस्टमास्तरांनी पलंगाबाहेर लोंबणारे पाय वर ओढून घेतले होते. ह्यांना जाऊन चांगला वेळ झाला, तेव्हा त्यांनी ते पुन्हा खाली सोडले.

"काय हो आजोबा, पाय का घेतलेत वर?"

त्यांनी पायांकडे पाहिलं. "घेतले होते का?" म्हणाले.

रोज तसंच व्हायला लागलं. फरशी पुसणारी बाई, एरवी डॉक्टरांनाही "पाय बघून" म्हणून दटावणारी, हे येताना दिसले की भिंतीला पाठ लावायची, आणि हे पुढे गेल्यावरही तशीच उभी राहायची. मागून अजून काहीतरी जायचं असल्यासारखी. एकदा नणंद ह्यांच्या मागोमाग जायला निघाली आणि दोन पावलांवर थबकली. नाक चोळायला लागली.

"काय झालं?"

"काही नाही गं वहिनी. काहीतरी गार लागलं."

मी ह्यांना विचारायचं ठरवलं. नणंद डबा धुवायला गेली होती. ह्यांनी नुकतीच मुगाची पातळ खिचडी संपवली होती.

"अहो, चालताना तुम्ही काय धरता?"

हे माझ्याकडे बघत राहिले. चोरी पकडल्यावर बघतात तसं नाही; आपलं माणूस शेवटी विचारतंय, म्हणून सुटल्यासारखं.

"तुला कळलं ना," हे म्हणाले. "मला वाटलंच, तुला कळेल."

"कुणाची आहे?"

"ठाऊक नाही. भुलीत होतो. मोकळी जागा होती, आणि ती उभी होती. माझ्या एकट्याच्यानं हलली नसती. मागून कुणीतरी म्हणालं, उचल."

"मागचा कधी उचल म्हणत नाही."

"हो ना," हे हळू आवाजात म्हणाले. "पण सवय. उचलली."

खिडकीबाहेर कुणीतरी गाडी मागे घेत होतं. येऊ द्या, येऊ द्या, असा आवाज येत होता. मी ह्यांच्या पायावर पांघरूण घातलं.

"कोण आहे मागे?"

"काच घेतल्यावर मागे कसं बघू? पकड चांगली आहे. अगदी तुझ्यासारखी. वळताना थांबतो, पाय जुळवतो." हे थांबले. "फक्त श्वास ऐकू येत नाही. तुझा येतो मला. इतकी वर्षं येतोय."

मला राग आला. भीती नंतर आली, आधी राग आला. ती जागा माझी होती.

"टेकवा ना मग. म्हणा टेकव."

"कुठे? टेकवायला भिंत लागते, खाच लागते. ही कुठे बसवायची ते मला कुणी सांगितलेलं नाही." मग ह्यांनी माझा हात धरला. ह्यांच्या बोटांवर आडवा लाल वळ होता, काचेची कड रुतली की उमटतो तसा. "आणि एक सांगतो. मागचा दमत चाललाय."

त्या दुपारपासून ह्यांचं काहीतरी बिघडलं. नाडी मंद व्हायची, अंगाला घाम सुटायचा, नखं निळी पडायची, आणि थोड्या वेळानं सगळं पुन्हा जागेवर. डॉक्टरांनी तपासण्या केल्या. हृदयाची चित्रं काढली. "सगळं उत्तम आहे," ते म्हणाले, आणि दोनदा म्हणाले. पहिल्यांदा आम्हाला, दुसऱ्यांदा स्वतःला. प्रत्येक वेळी नाडी उतरायच्या आधी ह्यांचा उजवा खांदा वर यायचा. मागची बाजू खाली गेली की पुढच्याचा खांदा असाच वर येतो.

"पडली तर?" मी विचारलं.

"मागून सुटली की पुढच्याच्या अंगावर येते. तुला सांगायला हवं का?"

सांगायला नको होतं. तसा एक माणूस मी पाहिलेला होता.

घरी सोडायच्या दिवशी सकाळी डॉक्टरांनी पाठीवर थाप मारली. कालची रात्र चांगली गेली होती. आता एवढंच की व्यायामाच्या बाई जिना चढवून बघतील, एक मजला, आणि मग घर. नणंद गाडी आणायला गेली. पोस्टमास्तर म्हणाले, "जिना म्हणजे शेवटची परीक्षा. मी नापास झालो म्हणून इथंच आहे."

हे हसले नाहीत. बाई चपला पुढे सरकवत होत्या तेव्हा हे माझ्या कानाशी म्हणाले, "जिना नको."

"एकच तर मजला आहे, काका," बाईंनी ऐकलं. "मी आहे ना."

हे माझ्याकडे बघत होते. आम्हा दोघांनाच कळत होतं. सपाटीवर काचेचं ओझं दोघांत वाटलं जातं. जिना चढताना सगळं मागच्यावर येतं.

जिना रुंद होता. वरच्या मोठ्या खिडकीतून ऊन येत होतं आणि पायऱ्या पिठासारख्या पांढऱ्या दिसत होत्या. बाई ह्यांच्या डाव्या हाताला. मी खाली कठड्यापाशी. हे चढायला लागले. पाऊल, थांबणं. पाऊल, थांबणं. बाई म्हणत होत्या, श्वास घ्या, सोडा, घ्या.

मध्यावर ह्यांचा उजवा खांदा वर आला.

"काका?"

मानेवरचा घाम मला खालून दिसला. ती मान मी जगात सगळ्यात जास्त पाहिलेली आहे. तिचा रंग उतरत गेला, कानामागून सुरू होऊन खाली, कापड धुवून रंग जावा तसा.

"जातेय," हे म्हणाले. कुणाला ते कळलं नाही.

बाईंनी वर बघून सिस्टरला हाक मारली. मी चढले. विचार केला नाही. त्या जागी जाऊन उभं राहायला माझ्या पायांना विचार लागत नाही. ह्यांच्यापासून जितकं मागे असायला हवं तितकं मागे थांबले, उजवा हात खाली नेला, तळवा वर केला.

हवेत गार कड होती.

सरळ, पातळ, न घासलेली कड. आणि त्या कडेखाली आधीच एक हात होता. माझा तळवा त्याला खालून टेकला. तो थरथरत होता, दमलेला हात थरथरतो तसा. बोटांच्या मुळाशी घट्टे होते, माझ्या आहेत तिथेच.

"माझ्याकडे," मी म्हटलं.

काही नाही.

"माझ्याकडे," मी पुन्हा म्हटलं. "द्या. मी आले आहे."

कानामागे हवा हलली. शब्द नव्हता, पण शब्दाएवढी होती.

मग माझ्या तळव्यावरून एक बोट निघालं. मग दुसरं. घाई नाही, धसका नाही. करंगळी सगळ्यात शेवटी. तसं मला ह्यांनी शिकवलं होतं.

वजन माझ्यावर आलं.

मी दात आवळले आणि ते घेतलं. वरच्या पायरीवर ह्यांचा खांदा खाली आला. मानेला रंग चढला. हे सरळ झाले आणि चढले, भराभर, बाईंना मागे टाकून, आणि वरच्या सपाटीवर जाऊन आमच्याकडे वळले.

"बघितलंत?" म्हणाले. दोन्ही हात वर केले, मोकळे, बोटं पसरून, लहान मूल हात धुतले म्हणून दाखवतं तसे.

दोन्ही हात.

माझ्या हातातली काच हलली नाही. पुढची बाजू कुणीतरी धरलेली होती.

बाई टाळ्या वाजवत होत्या.

वॉर्डमध्ये परत आलो तेव्हा हे बडबडायला लागले होते. पोस्टमास्तरांना म्हणाले, "तुम्हीही लागा तयारीला." मी पलंगाशेजारी उभी राहिले, उजवा हात कुशीला. पुढचा थांबला होता. घाई करत नव्हता. काच माझ्याबरोबर दारातून, पलंगातून, पोस्टमास्तरांच्या कपाटातून आली होती. कशालाही लागली नव्हती.

"अहो," मी म्हटलं, "आता पुढे कोण आहे?"

"कशाच्या पुढे?"

"काचेच्या. मी मागे आहे. पुढे कोण धरलंय?"

ह्यांनी चहाचा कप खाली घेतला. चेहऱ्यावर काळजी आली, पण ती माझी होती. "तू झोपली नाहीस ना इतक्या दिवसांत? कसली काच?"

"तुम्हीच म्हणालात. भुलीत उचललीत ती."

"मी? काय वाट्टेल ते बोललो असेन गं. डॉक्टर म्हणाले ना, आठवत नाही म्हणून." आणि हे हसले, त्यांचं जुनं, पोटातून येणारं हसू. उशीची गरज लागली नाही.

मला पारखून बघायचं होतं. देव जाणे का. मी तळवा किंचित खाली केला, भाकरीच्या जाडीएवढा.

पुन्हा उचललेला कप ह्यांच्या ओठांशी थांबला. ओठ निळे झाले. डोळे कुठेच बघेनासे झाले, समोरच्या भिंतीत गेले.

मी हात वर घेतला.

"काय झालं होतं मला?" हे म्हणाले. "अंधारल्यासारखं झालं."

"काही नाही," मी म्हटलं. "चहा प्या."

नणंदेनं गाडी दाराशी आणली. ह्यांना पुढच्या सीटवर बसवलं, पट्ट्याखाली निळी उशी ठेवली. मी मागे बसले. काच माझ्यापासून निघून, दोघा बहीणभावांच्या मधून, गाडीच्या समोरच्या काचेतून बाहेर रस्त्यावर गेली होती. कुठपर्यंत ते दिसत नव्हतं. दिसण्यासारखं काही नव्हतंच. फक्त समोरची झाडं एका ठिकाणी जराशी तुटल्यासारखी होती, पाण्यात काठी दिसते तशी.

गाडी निघाली. पुढचाही निघाला.

"वहिनी, हात असा काय धरलायस? भीक मागतेयस का?" नणंदेनं आरशातून विचारलं.

"आखडलाय."

"घरी गेल्यावर तेल लावते. दोघांचीही सेवा करते आता. दादा, ऐकतोयस? बिल काढणार आहे मी."

हे खिडकीबाहेर बघत होते. "काय छान ऊन आहे," म्हणाले. "अगं, उद्या दुकान उघडून निदान झाडून तरी घे." त्यांची मान मला मागून दिसत होती. गुलाबी, घट्ट, जिवंत. मला तीच हवी होती, दुसरं काही मागितलं नव्हतं.

आमच्या घराकडे जायला चौकात डावीकडे वळावं लागतं. नणंदेनं दिवा लावला, चाक फिरवलं.

गाडी वळली.

काच वळली नाही.

कड माझ्या बोटांतून पुढे ओढली गेली, हळू, नेटानं. पुढच्याला वाट ठाऊक होती. समोर, काच धरलेल्या आम्हा दोघांच्या मधे बसलेल्या माझ्या माणसाचा हात छातीकडे गेला.

"थांबव," मी म्हटलं.

"इथे? चौकात?"

"थांबव गं. मला उतरायचंय."

नणंदेनं गाडी कडेला घेतली. मी डाव्या हातानं दार उघडलं आणि उतरले. उतरल्याबरोबर ओढ सैल झाली. ह्यांचा हात छातीवरून मांडीवर आला.

"काही राहिलं का?" हे विचारत होते. "औषधं का?"

"तुम्ही व्हा पुढे. जेवून घ्या वेळेवर. उशी विसरू नका."

"आणि तू?"

"मी येते."

नणंद काहीतरी म्हणाली, मागच्या गाड्यांनी भोंगे वाजवले, आणि तिला गाडी काढावी लागली. ह्यांनी मान वळवून बघितलं, जितकी वळत होती तितकी. मग ते गल्लीत दिसेनासे झाले.

मी सरळ रस्त्याला लागले. पाऊल सपाट, गुडघ्यात लवण. समोरून येणारी माणसं बाजूला होत होती, माझ्यासाठी नाही, माझ्या पुष्कळ आधी.

ऊन कडक होतं. तरीही माझ्या डोळ्यांसमोर, उजवीकडे, मोकळ्या हवेत वाफेचा एक गोल उमटला. विरला. पुन्हा उमटला. कुणी काचेच्या पलीकडून तोंड जवळ आणून श्वास सोडावा तसा.

मी माझा श्वास रोखून धरला. तो गोल उमटतच राहिला.